जिन्याच्या वरच्या तोंडाला बाळाचं गेट लावताना

कोथरूडच्या आमच्या रो-हाउसचा जिना अरुंद आणि सोळा पायऱ्यांचा. लेक नऊ महिन्यांची झाली, रांगायला लागली आणि सगळं घर सोडून जिन्याकडेच धावायला लागली. सासरे, म्हणजे आमचे बाबा, म्हणाले, "आमच्या शनिवार पेठेतल्या वाड्यात जिन्याच्या तोंडावर लाकडी झडप होती. खाली पाडली की मांजरसुद्धा जात नसे." झडप काही आता बसवता येणार नव्हती. गेट मागवलं.

पहिलं गेट दाबाचं निघालं, म्हणजे दोन्ही बाजूंची रबरी बुचं पिळून भिंतींच्या मध्ये आवळायचं. तीन दिवस छान चाललं. चौथ्या दिवशी बाबा त्याला हात टेकून चप्पल घालत होते, तर ऑइलपेंटवरून एक बूच सर्रकन सरकलं. कठडा हाताशी होता म्हणून निभावलं. ते गेट आता स्वयंपाकघराच्या दारात आहे, तिथे ठीक आहे. जिन्याच्या वर नको. शिवाय त्याला खाली आडवी पट्टी असते; बाळ कडेवर असताना तिला पाय अडला तर पुढे थेट पायऱ्याच.

वर लावायचं ते स्क्रूने बसणारं आणि खाली पट्टी नसलेलंच घ्या. गज उभे हवेत, आडवे असले की पोर शिडीसारखं चढतं. दोन गजांमधलं अंतर ६ सेंटिमीटरपेक्षा कमी आणि जमिनीपासूनची फट ५ सेंटिमीटरच्या आत असावी. गेट जिन्याकडे नव्हे, आतल्या बाजूला उघडायला हवं. जिन्यावर झुललं तर ते उघडताना आपलाच तोल जातो.

मोजमाप वर, मध्ये आणि खाली असं तीनदा घ्या. आमच्या भिंतीत दीड सेंटिमीटरचा फरक निघाला, आणि त्यात स्कर्टिंगची, म्हणजे भिंतीच्या पायथ्याची, टाइल भिंतीबाहेर आलेली. गेटचा खालचा बिजागर नेमका तिच्यावर येत होता. टिंबर मार्केटमधून २५ मिलिमीटर जाडीची सागवानी पट्टी आणली, खाली स्कर्टिंगपुरती खाच मारून घेतली आणि आधी ती पट्टी भिंतीला स्क्रूने बसवली. बिजागर त्या पट्टीवर.

खरी गंमत भोकं पाडण्यात आहे. जिन्याच्या स्विचबोर्डाच्या सरळ वर-खाली ड्रिल लावू नका, तिथून वायर गेलेली असते. ८ मिलिमीटरचा बिट घ्या. प्लास्टर संपेपर्यंत ड्रिलचा हॅमर (ठोके देणारा मोड) बंद ठेवा, नाहीतर पोपडाच निघतो. मग खाली पडणाऱ्या भुकटीकडे लक्ष ठेवा. आधी करडी येते, ते प्लास्टर. पुढे लाल झाली की विटेत शिरलात. आमचं दुसरं भोक करडंच राहिलं, म्हणजे ड्रिल विटांच्या सांध्यात गेलं होतं. तिथली गिट्टी (स्क्रू घट्ट धरायला भोकात ठोकतात तो गट्टू) पुढेमागे सैल होते. ते सोडून दीड इंच वर नवं पाडलं. भुकटी सायकलच्या पंपाने उडवली, आणि गिट्टी प्लास्टरच्या पार आत, पूर्ण विटेत जाईल इतकी ठोकली. इथेच बरेच जण चुकतात: स्क्रूची लांबी म्हणजे पट्टी, प्लास्टर आणि गिट्टी यांची बेरीज. आमची २५, १५ आणि ५० अशी ९० झाली, म्हणून १०० मिलिमीटरचे चार स्क्रू घेतले आणि भिंतीतलं भोक ८० मिलिमीटर खोल पाडलं. गेटसोबत आलेले इवलेसे स्क्रू डब्यात पडून आहेत.

दुसऱ्या बाजूला लोखंडी कठड्याचा खांब. आधी तो दोन्ही हातांनी हलवून पाहिला. हलत असता तर पहिला वेल्डर बोलावला असता. पाइपला भोकं पाडायची नव्हती, म्हणून रविवार पेठेत बोहरी आळीतून यू-क्लॅम्प आणले, खांबाला सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा गुंडाळला आणि दुसरी सागवानी पट्टी त्यावर आवळली. कडी या बाजूला. नटांची टोकं बाहेर येतात. त्यांवर टोप्या बसवा, नाहीतर ओढणी अडकते.

लावून झाल्यावर बाबांनी स्वतः दोन्ही हातांनी जोर लावून गेट हलवलं. "हं," म्हणाले. त्यांच्याकडून एवढं म्हणजे पुष्कळ.

घरातल्या सगळ्यांनी एक पाळायचं: गेट ओलांडून जायचं नाही, उघडून जायचं आणि कडी लागल्याचा 'टक्' ऐकायचा. आमच्याकडे कामाच्या ताई पदर सावरत ओलांडत होत्या. त्यांना कडी एका हाताने उघडायची युक्ती दाखवली, मग थांबल्या. गेटजवळ स्टूल किंवा खेळण्यांचा टब ठेवू नका. दर रविवारी स्क्रू आणि क्लॅम्प एकदा पिळून बघते.

दोन वर्षांची झाली, किंवा त्याआधीच गेटवर पाय टाकायला लागली, की काढून टाकायचं. भिंतीवरची पट्टी काढली तर गिट्ट्या पक्कडीने ओढून भोकांत पुट्टी भरायची. पट्टी मात्र राहू दे म्हणतात बाबा, छत्र्या अडकवायला.