पायलटच्या मुलाखतीआधी लॉगबुक उघडा

एअरलाइनची मुलाखत म्हटली की पोरं प्रश्नसंच पाठ करायला बसतात. आधी स्वतःचं लॉगबुक, म्हणजे उड्डाणांची नोंदवही, काढा. कमर्शियल लायसन्सचे २०० तास कुठे झाले, कुठल्या विमानावर, त्यातले पायलट-इन-कमांड (विमानाची जबाबदारी तुमच्याकडे असलेले) किती, हे न अडखळता सांगता यायला हवं. बेरजा पुन्हा तपासा. लॉगबुक आणि अर्जातले आकडे जुळले नाहीत, तर सगळा वेळ खुलासे देण्यातच जातो. ज्या विमानावर शिकलात त्याचा स्टॉल स्पीड, म्हणजे ज्याखाली पंखांची उचल तुटते तो वेग, तोंडपाठ हवा. सेसना १७२ हे छोटं विमान उडवून एअरबसवर व्याख्यान झोडू नका.

मेटार, म्हणजे विमानतळाचा सांकेतिक हवामान अहवाल, मात्र रोज वाचा, तेही मोठ्याने. समजा, मुंबईच्या मेटारमध्ये २४०१२केटी दिसलं. म्हणजे वारा २४० अंशांकडून, १२ नॉट. धावपट्टी २७ (म्हणजे २७० अंशांची दिशा) धरली तर कोन ३० अंश. साइन ३० म्हणजे अर्धा, म्हणून क्रॉसविंड, म्हणजे आडवा वारा, ६ नॉट. हे कागद-पेनाशिवाय जमलं पाहिजे. मेटारमधली वेळ यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) असते, भारतीय वेळेसाठी साडेपाच तास मिळवा. आणि मेटारमधला वारा ट्रू नॉर्थवरून (भौगोलिक उत्तरेवरून) मोजतात, कंट्रोल टॉवर सांगतो तो मॅग्नेटिक, म्हणजे होकायंत्राच्या उत्तरेवरून. इथे भलेभले गडबडतात.

बूट-पॉलिश, इस्त्री आदल्या रात्रीच उरका.