कर्लीतून होडीने अर्धा दिवस: आधी तिथी बघा, मग वल्हं उचला

मुंबई-पुण्याचे पाहुणे आले की विचारतात, "रविवारी होडीतून जाऊया का?" मी म्हणते, रविवारी तिथी कोणती ते बघून सांगते. मग ते हसतात. पण सिंधुदुर्गातली आमची कर्ली नदी वालावल गावाच्या खाली म्हणजे खाडीच आहे, आणि खाडीच्या पाण्याला रविवार कळत नाही. पाण्याच्या बाजूने गेलात तर लहान मूलही वल्हवेल, उलट गेलात तर पैलवानाचेही दंड भरून येतील.

आमच्या किनाऱ्यावरचा हिशेब असा: तिथीची पाऊणपट केली की भरतीचा तास मिळतो. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, दशमीला साडेसात, अमावास्या-पौर्णिमेला सव्वाअकरा. शुद्ध पक्ष असो की वद्य, हिशेब तोच. तिथून सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी. हा समुद्रकाठचा अंदाज झाला. नदीत आत पाणी चढायला वेळ लागतो, म्हणून वालावलला ते उशिरा फिरतं. नेमक्या मिनिटांसाठी मोबाइलवर भरतीचं वेळापत्रक बघा. दिवस ठरवायला मात्र भिंतीवरचं कालनिर्णय पुरतं.

सकाळी वालावलहून निघून जेवणाला खाली मुखाजवळच्या कोरजाईला पोचायचं असेल तर अष्टमी, नवमी किंवा दशमी धरा. सकाळी भरती लागून गेलेली असते आणि पुढचे काही तास पाणी समुद्राकडे ओढतं. शिवाय हे दिवस भांगाचे, म्हणजे लहान भरती-ओहोटीचे. उधाणासारखा जोर नसतो, होडी आपली आरामात सरकत राहते. पौर्णिमेला नेमकं उलटं: दुपारी पाणी फिरायला आणि समुद्रावरून वारा सुटायला एकच गाठ पडते. पाणी खाली, वारा वर, आणि मध्ये आपण. आखूड, उभ्या लाटा उठतात आणि होडीची नाळ, म्हणजे पुढचं टोक, त्यांच्यावर आपटत राहते. चांदण्याच्या हौसेने पौर्णिमा मागणाऱ्यांना मी सरळ नाही म्हणते.

महिने नोव्हेंबर ते फेब्रुवारी. मार्चपासून ऊन चढतं. पावसाळ्याचं तर नावच काढू नका. लाल पाणी, त्यातून वाहत येणारे ओंडके, आणि पर्यटकांच्या होड्याही तेव्हा बंद असतात.

कयाक, म्हणजे एकट्याने किंवा दोघांनी वल्हवायच्या अरुंद होड्या, तारकर्ली-देवबागच्या बाजूला भाड्याने मिळतात. आदल्या दिवशी बोलून ठेवलं तर टेम्पोतून वर वालावलपर्यंत आणण्याचं जमू शकतं. सोबत लहान मुलं किंवा म्हातारी माणसं असतील तर कयाकचा हट्ट सोडा आणि वल्हवणाऱ्यासकट गावातली फायबरची होडी ठरवा. माझ्या मते मजा त्यातच जास्त, कारण तो माणूस बोलतो. पट्टीचं पोहणाऱ्यानेही लाइफ जॅकेट घालायचं, आणि त्याचे सगळे पट्टे लावायचे. खांद्यावर नुसतं अडकवलेलं जॅकेट पाण्यात डोक्यावरून निघून जातं. दोघांच्या कयाकमध्ये जड माणूस मागे. दिशा तोच सांभाळतो.

वालावलला लवकर पोचा. लक्ष्मीनारायणाचं देऊळ आणि त्याच्या बाजूचं तळं सकाळच्या उन्हात बघून घ्या, मग नदीवर उतरा. उतरताना काठावरच्या काकांना विचारायचंच.

"काका, पाणी कधी फिरतला?"

"नवाक. घाई कित्याक?"

या उत्तरावर मोबाइलपेक्षा जास्त भरवसा ठेवा.

पाणी वाहायला लागलं की वल्हं मुख्यतः दिशा धरण्यापुरतं. वळणाच्या बाहेरच्या अंगाला पाणी खोल आणि वेगाचं, आतल्या अंगाला गाळ. ओहोटीत आतून आखूड वाट काढायला गेलात की होडी चिखलात बसते. तशी ती बसली तर उतरून ढकलू नका, वल्ह्याने मागे रेटा. या नदीत वाळूउपसा होतो, त्यामुळे गुडघाभर पाण्याशेजारीच डोक्यावरून जाणारा खड्डा असू शकतो. कडेच्या दगडांना कालवं चिकटलेली असतात, ती पाय फाडतात. पायात नाडीचे जुने बूट हवेत. चप्पल चिखल ठेवून घेतो.

पाण्यावर ओळीने तरंगणारे बोये दिसले तर ती कांडाळ आहे, म्हणजे पाण्यात लावून ठेवलेलं माशांचं जाळं, कुणाच्या तरी संध्याकाळच्या कालवणाची सोय. तिच्या टोकाला वळसा घाला. कुणी पाग, म्हणजे हाताने फेकायचं जाळं, टाकत असेल तर वल्ही थांबवा आणि त्याच्या मागून जा.

काठाची झाडं जवळून बघायची तर ओहोटी अर्धी झाल्यावर. तिवरांची श्वासमुळं तेव्हा चिखलातून पेन्सिलींसारखी वर आलेली दिसतात. खारट, दलदलीच्या मातीत हवा नसते, म्हणून झाडाने श्वासासाठी मुळं वर काढलेली. कांदळाची मुळं वेगळी, खोडातून कमानीसारखी खाली उतरणारी. चिप्पीचं झाडही शोधा. पांढरी चिप्पी २०२० पासून महाराष्ट्राचा राज्य कांदळवन वृक्ष आहे. झाडांखालच्या चिखलावर निवट्या उड्या मारतात. मासा असून पाण्याबाहेर इतका सुखी प्राणी मी दुसरा पाहिला नाही. वर खंड्या आणि ब्राह्मणी घार असतातच. गप्पा थांबवल्यात तर जास्त दिसतील, पण सहलीला आलेल्या मंडळींकडून ते होत नाही.

मगरींची चौकशी मात्र दर वेळी गावात करा. चिपळूणकडच्या वाशिष्ठीत त्या बघायला मोठ्या बोटीतून नेतात. तिथे पाण्याला टेकलेली कयाक मी घालणार नाही.

खाण्याला आंबोळ्या आणि काळ्या वाटाण्याची सुकी उसळ, झाकण घट्ट बसणाऱ्या डब्यात. माणशी दोन लिटर पाणी. सभोवार पाणी असलं तरी ते खारं, घोटभरही उपयोगाचं नाही. मोबाइल प्लास्टिकच्या पिशवीत, गाडीची चावी होडीला बांधलेल्या पिशवीत.

अकराच्या सुमाराला तोंडावर वारा लागायला लागतो. तोवर कोरजाईच्या जवळ आलेलं असावं, आणि तिथेच काठाला लागायचं. समोर देवबागचा संगम दिसतो, मोह होतो. पुढे गेलात तर तीच मदतीची ओहोटी तुम्हाला मुखाकडे खेचते, बाहेरून लाटा येतात, वाळूचे दांडे जागा बदलतात, आणि मोटरबोटींची ये-जा वेगळीच. संगम बघायचाच असेल तर जेवून, मोटरबोटीने जा.

गाडी सकाळीच कोरजाईला लावून रिक्षाने वालावल गाठलेलं बरं. ओल्या कपड्यांत, भर दुपारी, वाहन शोधत उभं राहावं लागत नाही. एक कोरडा जोड मात्र गाडीतच ठेवा, होडीत नको.