बांधाचा तंटा मिटवायला निघालात? या चुका टाळा

2007 साली तंटामुक्त गाव मोहीम आली, तेव्हापासून मी बांधाच्या भांडणांत मध्ये पडतोय. दर वर्षी एखादा उत्साही पोरगा सातबारा आणि मोबाईलवरचा नकाशा घेऊन येतो. त्याला एका बैठकीत तंटा मिटवायचा असतो.

माझी स्वतःची सगळ्यात महागडी चूक चहाची. दोन चुलतभाऊ, वाद दीड हात बांधाचा. आधी थोरल्याकडे गेलो, चहा-पोहे झाले. मग धाकट्याच्या अंगणात. वहिनींनी कप पुढे केला, तर मी म्हणालो, "नको, आत्ताच झाला तिकडे." धाकटा एवढंच म्हणाला, "म्हणजे ठरवूनच आलात." पुढे अकरा महिने अबोला. सरकारी मोजणी झाली, हद्दीचे दगड रोवले, आणि आठ दिवसांत एक दगड विहिरीत. मोजणी चोख होती, माती मी खाल्ली होती. आता दोन्हीकडे अर्धा-अर्धा कप घेतो आणि पहिल्या भेटीत बांधाचं नावच काढत नाही. पावसाचं, कापसाच्या भावाचं बोलतो. वेळ जातो? जाऊ द्या.

पहिल्याच दिवशी पारावर बैठक लावू नका. चारचौघांत कुणी बांध सोडत नसतो.

"कोर्टात बघून घेईन" असले निरोप जसेच्या तसे पोचवू नका. "चिडलाय, पण बोलायला तयार आहे" एवढंच मी सांगतो, तेही खरं असेल तर.

मोजणीचा नकाशा गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका. बस.

सासरी गेलेल्या बहिणीला हमखास विसरतात. हिंदू वारसा कायद्यातल्या 2005 च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित जमिनीत तिचा भावाइतकाच हक्क आहे. सगळ्यांच्या सह्या झाल्यावर फोन केलात, तर ती "मला कुणी विचारलं?" म्हणणारच.

याची जमीन त्याच्याकडे आणि त्याची याच्याकडे, असा ताबा 12 वर्षांचा असेल, तर 2023 च्या सलोखा योजनेत अदलाबदल दस्ताला मुद्रांक शुल्क 1000 आणि नोंदणी फी 1000 रुपये ठरवलीय. योजना चालू आहे का, ते तलाठ्याला आधी विचारा. पण स्वस्त पडतंय म्हणून दोघांना घाईने तालुक्याला ओढू नका. मी ओढलं होतं. सहीच्या टेबलापाशी विहिरीच्या पाण्याची जुनी पाळी निघाली, आणि दोघे वेगवेगळ्या एसटीने घरी आले.