ठाण्यात रनिंग-सायकलिंगचा रूट ठरवताना या चुका टाळा

मागच्या वर्षी दोन महिने माझा उजवा गुडघा बाहेरच्या बाजूने दुखत होता. तीन-चार किलोमीटर झाले की सुरू, थांबलं की बंद. शूज बदलले, नी-कॅप घातली, बर्फ लावला, स्ट्रेचिंग वाढवलं, सगळं झालं पण रोजचा पोखरण रोडवरचा रूट काही बदलला नाही कारण घरापासून जाऊन-येऊन बरोब्बर आठ किलोमीटर भरायचा तो. शेवटी फिजिओकडे गेलो तर त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, रस्त्याच्या कुठल्या बाजूने पळता?

उत्तर त्यातच होतं. रस्ता मधे उंच आणि कडेला उतरता बांधतात, पावसाचं पाणी गटाराकडे जावं म्हणून. आपल्याकडे गाड्या डावीकडून जातात त्यामुळे पळणाऱ्याने उजव्या कडेने पळायचं, म्हणजे समोरून येणारी गाडी दिसते, हे बरोबरच आहे आणि मी तेच करत होतो. पण मग जाताना उजवी कड आणि येतानाही उजवीच कड, म्हणजे दोन्ही वेळा उजवाच पाय खालच्या अंगाला. आठवड्याला पाच दिवस, महिनोन्‌महिने. मांडीच्या बाहेरून गुडघ्याकडे जाणारा जो पट्टा असतो, ज्याला रनर लोक आयटी बँड म्हणतात, तो त्याने कातावतो. यावर उपाय म्हणून हेडफोन घालून डाव्या कडेने पळू नका प्लीज, मागून येणारी बस दिसणार नाही. त्यापेक्षा आठवड्यातले दोन-तीन दिवस सपाट जागी काढा, शाळेचं मैदान, सोसायटीतला आतला रस्ता, नाहीतर चांगला असेल तिथे फुटपाथ. तलावाभोवती पळणाऱ्यांचंही तसंच, तलावपाळी असो की उपवन, रोज एकाच दिशेने चकरा मारल्या की वळणाचा ताण रोज त्याच पायावर येतो. एक दिवस उलटं फिरा. लोक बघतात जरा, बघू दे.

दुसरी चूक म्हणजे रूट जूनमध्ये ठरवायचा आणि जानेवारीत त्याच वेळेला निघायचं. जूनच्या सुरुवातीला ठाण्यात सहाच्या आसपास सूर्य उगवतो, जानेवारीच्या मध्याला सव्वासात होतात. जिथे तुम्ही उजेडात पळत होतात तिथे आता मिट्ट काळोख असतो, खड्डा दिसत नाही आणि गाडीवाल्याला तुम्ही दिसत नाही. काळा टी-शर्ट तर अजिबात नको. सायकलला मागे लाल आणि पुढे पांढरा लाइट लावा, पळणाऱ्यांनी रिफ्लेक्टिव्ह पट्टा घ्या, महाग नसतो.

येऊरला ही चूक जास्तच महागात पडू शकते. येऊर म्हणजे संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग, तिथे बिबट्याचा वावर आहे आणि पहाटे आणि संध्याकाळी अंधार पडताना तो जास्त फिरतो. मी कोणाला घाबरवत नाहीये, मला स्वतःला येऊर फार आवडतं, पावसाळ्यात तर स्वर्ग आहे. पण उजाडल्यावरच वर जा, एकट्याने नको, आणि फॉरेस्टच्या चौकीवर वेळेबद्दल जे सांगतील ते ऐका. वाद घालणारे लोक बघितलेत मी, खूप वाईट वाटतं. वर आदिवासी पाडे आहेत, मुलं शाळेला निघालेली असतात, म्हातारी माणसं रस्त्याने चालत असतात, त्यामुळे उतरताना सायकल सुसाट सोडायची ही जागा नाही. ब्रेक वळणाच्या आधी मारायचा, वळणात शिरल्यावर नाही, दोन्ही हातांनी आणि हळूहळू. पावसात रिम ब्रेक (चाकाच्या कडेला घासून थांबवणारा) असेल तर पहिले काही क्षण तो पकडतच नाही, रिमवरचं पाणी निघायला वेळ लागतो, तेवढं अंतर धरून चला.

पावसाळ्यातला रस्ता म्हणजे वेगळंच प्रकरण. पेव्हर ब्लॉकवर शेवाळ धरतं आणि त्यावर चांगल्यातला चांगला शूज पण सटकतो. सिमेंटच्या रस्त्याला लांबीच्या दिशेने जे सांधे असतात त्यात रोडबाइकचं बारीक चाक अडकलं की पडलातच म्हणून समजा, तो सांधा शक्य तितका काटकोनात ओलांडायचा, त्याला समांतर चालवत राहायचं नाही. गटाराच्या जाळीचंही तेच. आणि पाणी साचलेलं असेल तर त्यातून जायचंच नाही, खाली झाकण आहे की नाही कोणाला माहिती! पहिल्या पावसात रस्त्यावरचं ऑइल वर येतं, ते दोन-तीन दिवस तर मी सायकल बाहेरच काढत नाही. टायरमध्ये हवाही दगडासारखी टम्म भरू नका, टायरवर जी संख्या छापलेली असते ती जास्तीत जास्त किती चालेल याची असते, थोडी कमी ठेवली की ओल्या रस्त्यावर पकड चांगली मिळते.

घोडबंदर रोड. कासारवडवलीहून गायमुखकडे सरळ रस्ता दिसतो म्हणून नवीन सायकलवाले मॅप बघून तोच निवडतात. कंटेनर, मेट्रोचं काम, कडेला साचलेली खडी, आणि घाटातला रस्ता तर बघायलाच नको. मी आता तिकडे एकटा जात नाही, ग्रुप असेल आणि रविवारची सकाळ असेल तरच, आणि तेही उजाडल्यावर.

कुत्र्यांचं पण बोलायला पाहिजे कारण त्या भीतीने किती जणांनी पळणं सोडलंय. मागे लागली की आपण वेग वाढवतो, तिथेच चुकतं. पळत असाल तर थांबा, पाठ न फिरवता चाला. सायकलवर असाल तर उतरा आणि सायकल मधे धरा, बहुतेक वेळा ती गप्प होतात. चावलंच तर हळद-चुना काही नको, जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पूर्ण 15 मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी रेबीजच्या लसीची इंजेक्शनं सुरू करायची. जखम खोल असेल, रक्त आलं असेल तर लसीबरोबर सिरम (तयार अँटिबॉडीचं वेगळं इंजेक्शन) पण लागतं, ते डॉक्टरांना आठवणीने विचारा, आणि पुढचे डोस चुकवायचे नाहीत, बरं वाटतंय म्हणून तर नाहीच नाही.

नवीन रूट घ्यायचा असला की मी आता आधी स्कूटरवर फिरून येतो, ज्या वेळेला पळणार त्याच वेळेला. दिवे कुठे बंद आहेत, कुत्री कुठे बसतात, पाणी प्यायला आणि टॉयलेटला थांबता येईल असं काय आहे (बायकांना हे जास्त विचारा, आपल्या लक्षातच येत नाही), दूधवाले आणि स्कूलबस कुठून वळतात. वीस मिनिटं लागतात. येत्या रविवारी कोलशेतच्या बाजूला जाणार आहे, साडेपाचला.