शेतकऱ्यांच्या संस्थेतल्या अकाउंटंटचा सत्कार: नागपुरात कसा करावा

शेतकऱ्यांसाठी काम करणाऱ्या संस्थेत वीस-पंचवीस वर्षं हिशेब सांभाळलेल्या माणसाचं काम गावभेटीच्या फोटोंत सापडत नाही. ते व्हाउचरच्या फायलींत आणि ऑडिट रिपोर्टांत असतं. त्यामुळे त्यांचा सत्कारही त्यांच्या वहीसारखा चोख हवा. आकडा मोघम असला किंवा खर्च भलत्याच खात्यातून झाला, तर ते सगळ्यांत आधी त्यांच्याच लक्षात येईल.

पहिलं काम म्हणजे त्यांचं देणं चुकतं करणं. निवृत्ती असेल तर ग्रॅच्युइटी, शिल्लक रजेचे पैसे आणि पीएफचे कागद कार्यक्रमाआधी पूर्ण करा. ग्रॅच्युइटीसाठी धरायच्या मासिक पगाराला २६ ने भागायचं, १५ ने आणि सेवेच्या वर्षांनी गुणायचं. सहा महिन्यांहून जास्तीचा काळ पूर्ण वर्ष धरतात. पगार २५,००० रुपये आणि सेवा २४ वर्षं असेल तर ३,४६,१५४ रुपये होतात आणि ते ३० दिवसांत द्यायचे असतात. लहान संस्थांत हे गणित अकाउंटंट स्वतःच करतात आणि स्वतःचं बिल शेवटी ठेवतात. म्हणून ते बाहेरच्या सीएकडून करून घ्या. ग्रॅच्युइटी थकलेली असताना शाल पांघरणं बरं दिसत नाही.

आता खर्च. प्रकल्पाच्या पैशांतून एक रुपयाही नको. सीएसआरच्या, म्हणजे कंपन्यांच्या सामाजिक निधीच्या, मंजूर बजेटात सत्काराचं शीर्षक नसतं. ‘कार्यशाळा’ म्हणून दाखवलेलं जेवणाचं बिल उपयोगिता प्रमाणपत्राच्या वेळी, म्हणजे पैसे कशावर खर्च झाले हे लिहून देताना, अडकतं. परदेशी निधीच्या खात्याला तर हात लावूच नका. त्यातल्या प्रशासकीय खर्चाची मर्यादा २०२० मध्ये ५० वरून २० टक्क्यांवर आली आहे. खर्च संस्थेच्या स्वतःच्या, अट नसलेल्या निधीतून करा आणि त्याआधी विश्वस्तांचा ठराव घ्या. ठरावात कारण, तारीख, कमाल रक्कम, निधीचं नाव आणि बिलं मंजूर करणाऱ्या दोघांची नावं लिहा. ही बिलं सत्कारमूर्तींच्या टेबलावर जाऊ देऊ नका. स्वतःच्या हाराचं व्हाउचर कुणाला लिहायला लावू नये.

सहकाऱ्यांनी भेटीसाठी काढलेली वर्गणी वेगळी ठेवा. ती संस्थेच्या पावतीपुस्तकावर घेऊ नका. ही एका व्यक्तीला दिलेली भेट आहे, संस्थेला दिलेली देणगी नाही. तिच्यावर ८०जीची, म्हणजे देणगीदाराला आयकरात सवलत देणारी, पावती देता येत नाही. एका वहीत नाव आणि रक्कम लिहा, शेवटी जमाखर्च नोटीस बोर्डावर लावा. संस्था स्वतः रोख रक्कम देणार असेल तर ती पगारात धरली जाते, त्यामुळे टीडीएसचा, म्हणजे देतानाच कापायच्या आयकराचा, विचार आधी करा. सत्कारमूर्ती विश्वस्तांचे नातेवाईक असतील तर सीएला विचारल्याशिवाय कोणताही आर्थिक लाभ देऊ नका.

तारीख ठरवताना दोन पंचांगं बघावी लागतात, एक शेतीचं आणि एक हिशेबाचं. मृगापासून पेरणीची धावपळ, दसऱ्याच्या आसपास सोयाबीनची कापणी आणि पुढे कापसाची वेचणी. या दिवसांत शेतकरी येणार नाहीत. एप्रिल ते सप्टेंबर ऑडिटचे महिने, त्यात मे महिन्यात पारा ४५ च्या घरात. डिसेंबरात विधिमंडळाच्या अधिवेशनामुळे सिव्हिल लाइन्सकडे बंदोबस्त आणि हॉलची मारामार, शिवाय परदेशी निधीच्या वार्षिक विवरणाची मुदत ३१ डिसेंबर. फेब्रुवारी-मार्च वर्षअखेरीचे. उरतो जानेवारी. संक्रांत आणि २६ जानेवारीच्या मधला शनिवार आमच्या मते सगळ्यांत सोयीचा. तिमाही टीडीएस विवरणाची ३१ तारीखही हाताशी राहते.

हॉल सीताबर्डी किंवा धंतोली भागात घ्या. काटोल, उमरेड, यवतमाळकडून येणारे गणेशपेठच्या एसटी स्टँडवर उतरतात, तिथून हे भाग जवळ पडतात. कार्यक्रम सकाळी ११ वाजता सुरू करून दुपारी १ वाजता संपवा, म्हणजे जेवून लोकांना दिवसाउजेडी गाव गाठता येतं. संध्याकाळचा कार्यक्रम ठेवला की समोर फक्त शहरातली माणसं उरतात.

सगळ्यांत जास्त वेळ मानपत्राला द्या. किमान तीन आठवडे धरा. आधी जुने ऑडिट रिपोर्ट वर्षवार मांडा आणि त्यांच्या शेजारी त्या काळात काय घडलं ते लिहा: २००६ चं विदर्भाच्या सहा जिल्ह्यांसाठीचं पंतप्रधान पॅकेज, ८ नोव्हेंबर २०१६ ची नोटाबंदी, १ जुलै २०१७ चा जीएसटी. २०१९-२० मध्ये बँकांचं विलीनीकरण झालं आणि पुढे जुने आयएफएससी, म्हणजे बँक शाखांचे कोड, बंद पडले. त्या वेळी मदतीचे पैसे परत येऊ लागले असतील, तर किती शेतकऱ्यांची पासबुकं नव्याने तपासली हे नोंदवहीतून मोजता येतं. मग मजकूर लिहा, २५० शब्दांच्या आत. ‘आपण निष्ठेने सेवा केली’ हे वाक्य कुणालाही लागू पडतं. त्याऐवजी असं लिहा: ‘बियाण्याचे पैसे मृगाआधी खात्यात पडावेत म्हणून आपण मे महिन्यातच नाव, आधार आणि पासबुक जुळवून ठेवत असा.’ हे वाक्य फक्त त्यांचंच आहे. मात्र ते खरं असेल तरच लिहा. आकडे गोल करू नका. १,१८७ शेतकरी असतील तर ‘हजारो’ नको. काही वर्षांची वही सापडत नसेल तर जेवढ्या वर्षांची आहे तेवढाच काळ लिहा.

मानपत्र छापताना हमखास चूक होते ती फॉन्टची. युनिकोडमधला मजकूर प्रेसवाला जुन्या फॉन्टमध्ये बदलतो तेव्हा रफार सरकतो, ‘ऱ्य’ तुटतो आणि ‘शेतकऱ्यांच्या’ हा शब्दच बिघडतो. मजकूर पीडीएफमध्ये द्या, कागदावर प्रूफ मागा आणि दोघांनी मोठ्याने वाचून तपासा. एकाने मूळ प्रत धरावी, दुसऱ्याने प्रूफ. नाव आणि रुजू झाल्याची तारीख सेवापुस्तिकेवरून घ्या, आठवणीवरून नको.

मंचावर चार वक्ते पुरेत, प्रत्येकी पाच मिनिटं: एक शेतकरी, एक गावपातळीवरचा कार्यकर्ता, ऑडिट करणारे सीए आणि शेवटी अध्यक्ष. सीएंना आवर्जून बोलवा, कारण वह्या कशा ठेवल्या होत्या हे तेच अधिकाराने सांगू शकतात. कार्यकर्त्याला आधीच विचारून ठेवा, ‘तुमचं कोणतं बिल त्यांनी परत केलं होतं, आणि का?’ या एका प्रश्नातून चांगलं भाषण तयार होतं. मदत घेतलेल्या कुटुंबांची नावं मात्र मंचावरून घेऊ नका, विशेषतः घरात आत्महत्या झालेली असेल तर. त्या कुटुंबाने स्वतःहून बोलायचं ठरवलं असेल तर गोष्ट वेगळी.

हार सुताचा घ्या. कापसाच्या मुलखात तो शोभतो आणि कोमेजत नाही. शाल खादीची, श्रीफळ सोलून शेंडी ठेवलेलं. जोडीदाराला शेजारीच बसवा आणि त्यांचाही सत्कार करा; मार्चअखेरीच्या रात्री घर त्यांनीच सांभाळलेलं असतं. क्रम असा: शाल, श्रीफळ, हार, मग मानपत्राचं वाचन आणि त्यानंतर ते हातात. उलट केलं तर वाचन होईपर्यंत सत्कारमूर्ती जड फ्रेम धरून उभे राहतात. उत्तराच्या भाषणाला वेळ मोकळा ठेवा आणि माइक टेबलावर द्या.

जेवण साधं ठेवा: वडाभात, पोळी, भाजी, कढी, आणि हंगाम असेल तर संत्री.

त्यांच्या नावाने गावातल्या मुला-मुलींना हिशेब शिकवण्याचा निधी उभारायचा असेल, तर प्रत्येक देणगीदाराकडून ‘ही रक्कम कॉर्पससाठी’ (म्हणजे कायम राखायच्या मूळ निधीसाठी) असं लेखी पत्र घ्या, नाहीतर ती वर्षाच्या उत्पन्नात धरली जाईल. दोन हजार रुपयांवरची देणगी चेकने किंवा ऑनलाइन मागा; रोखीवर देणगीदाराला ८०जीची सवलत मिळत नाही.

कार्यक्रमानंतर फ्रेम आणि भेटी गाडीने त्यांच्या घरी पोचवा. मानपत्राची एक प्रत सेवापुस्तिकेत लावा. सगळी बिलं ठरावाच्या प्रतीसह सोमवारीच नव्या अकाउंटंटकडे द्या.