शाळेतली स्वच्छतागृहं: वेगळी की सामाईक, आणि बांधायची कशी

मुलामुलींची स्वच्छतागृहं वेगळी हवीत की सामाईक, हा वाद पालकसभेत निघाला की सगळी चर्चा दारावरच्या पाटीवर अडकते. पाटी सगळ्यात शेवटी लावायची असते. आधी बघायचं ते हे: दार कुठे उघडतं, भिंत छतापर्यंत गेली आहे का, आतून कडी लागते का, आणि आतल्या नळाला पाणी येतं का. यातलं एक जरी बिघडलं तरी मुली सकाळपासून पाणी न पिता बसतात, मग पाटीवर काहीही लिहिलेलं असो.

कायद्यापुरतं बोलायचं तर आपल्याकडे अर्धा वाद आधीच मिटलेला आहे. 1 एप्रिल 2010 पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत मुलगे आणि मुली यांच्यासाठी स्वतंत्र स्वच्छतागृहं सांगितली आहेत. शाळा महानगरपालिकेची असो, रामटेक तालुक्यातली जिल्हा परिषदेची असो किंवा संस्थेची, पहिली ते आठवीसाठी ही अट सुटत नाही. युडायसच्या, म्हणजे सरकारच्या शाळानोंदणी प्रणालीच्या, माहितीतही मुलांची किती, मुलींची किती आणि त्यातली चालू स्थितीत किती, हे वेगळं भरावं लागतं. म्हणजे सामाईक स्वच्छतागृह जास्तीचं म्हणून बांधता येतं, वेगळ्याच्या बदल्यात नाही. मुलींच्या स्वच्छतागृहावर नवी पाटी ठोकून ‘सर्वांसाठी’ केलं, की मुलींचं एक कमी झालं, एवढाच त्याचा अर्थ.

सामाईकच्या बाजूचे लोक इंग्लंडचा दाखला देतात, पण अर्धाच. तिथल्या 2012 च्या नियमात आठ वर्षं आणि त्यापुढच्या मुलामुलींना वेगळी स्वच्छतागृहं लागतात. सूट फक्त अशा खोलीला, जी आतून बंद होते आणि एका वेळी एकाच मुलाने वापरायची असते. स्कॉटलंडमध्ये एप्रिल 2025 मध्ये न्यायालयाने एका नव्या प्राथमिक शाळेच्या प्रकरणात मुलामुलींसाठी वेगळी स्वच्छतागृहं द्यावी लागतील हेच स्पष्ट केलं.

इंग्लंडच्या त्या सवलतीत कामाचा नियम सापडतो. एका दाराआड चार-पाच सीट, समोर सामाईक बेसिन आणि मध्ये उभं राहायची जागा असेल, तर मुलं-मुली वेगळी हवीत. एक खोली, एक सीट, एक बेसिन, एक कडी आणि दार थेट व्हरांड्यात उघडणारं असेल, तर ती खोली कोणीही वापरली तरी बिघडत नाही. भांडणं, छेडछाड, दारावर थापा मारणं हे सीटवर होत नाही, बेसिनपुढच्या मोकळ्या जागेत होतं. ती जागाच ठेवली नाही तर अर्धी कटकट मिटते.

सामाईक खोली कुठे उपयोगी पडते

बालवाडीत. चार-पाच वर्षांच्या मुलांना मदत लागते, तिथे वेगळेपणापेक्षा ताईची नजर महत्त्वाची. दार साधारण 1.2 मीटर उंचीचं, कडीशिवाय.

दिव्यांग मुलांसाठी. आई मुलाला किंवा वडील मुलीला घेऊन जाणार असतील तर फक्त मुलांचं किंवा फक्त मुलींचं स्वच्छतागृह त्यांच्या कामाचं नाही.

तिसरा गट म्हणजे ज्यांना दोन्हीकडे जायला अवघड जातं अशी मुलं. सर्वोच्च न्यायालयाच्या 2014 च्या नाल्सा निकालाने आणि 2019 च्या कायद्याने तृतीयपंथी व्यक्तींचे हक्क मान्य केले आहेत, शिक्षणसंस्थांवरही जबाबदारी टाकली आहे. पण म्हणून दारावर ‘तृतीयपंथी’ लिहू नका. त्या दाराने आत जाणारं मूल साऱ्या शाळेपुढे उघडं पडतं, आणि दुसऱ्या दिवसापासून ते तिथे जायचं बंद होतं. ‘सर्वांसाठी’ एवढंच लिहा, आणि ती खोली आजारी मूल, पाहुणे, शिक्षक असे सगळेच वापरतील असं बघा.

आधी मोजणी

राष्ट्रीय इमारत संहितेच्या हिशोबात 40 मुलग्यांमागे एक सीट, 20 मुलग्यांमागे एक मुतारी आणि 25 मुलींमागे एक सीट लागते. स्वच्छ विद्यालय मोहिमेचा हिशोब सोपा आहे: 40 विद्यार्थ्यांमागे एक युनिट, म्हणजे एक सीट आणि तीन मुताऱ्या. पहिला हिशोब मुलींच्या बाजूने जास्त खरा, म्हणून तोच धरा.

समजा पटावर 240 आहेत, 130 मुलगे आणि 110 मुली. मुलींना 110 भागिले 25, म्हणजे पाच सीट. मुलांना चार सीट, सात मुताऱ्या. शिवाय एक सामाईक खोली, ती दिव्यांगांनाही चालेल अशीच बांधा म्हणजे दोन कामं होतात. एकूण दहा सीट.

आता हेच सगळं सामाईक केलं तर काय होतं ते बघा. मुताऱ्या सामाईक ठेवता येत नाहीत, त्या सात जागा गेल्या. उरलेल्या दहा सीटवर 240 मुलं. आधी लघवीला मुतारीवर जाणारे 130 मुलगे आता मुलींच्याच रांगेत उभे. शिवाय उभ्याने लघवी करणारा मुलगा सीट ओली करून जातो, आणि त्यामागून येणारी मुलगी आत डोकावून परत फिरते. सामाईकच्या चर्चेत संकोच आणि संस्कृती यांवर तासभर बोललं जातं, या गणितावर कोणी बोलत नाही.

रांगेचा हिशोबही करून ठेवा. एका मुलीला सरासरी दोन ते अडीच मिनिटं धरली तर दहा मिनिटांच्या लहान सुट्टीत एका सीटवर चार-पाच मुली होतात. पाच सीटवर फार तर पंचवीस. बाकीच्या 85 जणी थांबतात. म्हणून लहान सुट्टी वर्गवार दहा-दहा मिनिटांच्या फरकाने सोडा आणि तासाला बाहेर जाऊ द्या. यात बांधकामाचा एक रुपयाही खर्च नाही.

सामाईक खोली बांधताना

साधी खोली आतून किमान 1.2 मीटर बाय 1.5 मीटर, बेसिन आतच. बेसिन बाहेर काढलं की पुन्हा मोकळी जागा तयार होते आणि मूळ हेतूच जातो. भिंत साडेचार इंची विटांची आणि थेट स्लॅबला भिडलेली. मिस्त्री सवयीने सात फुटांवर थांबतो आणि वरून मोकळं ठेवतो; हवा येते, पण शेजारच्या खोलीतलं मूल टाकीवर चढून डोकावू शकतं, मोबाइल वर धरू शकतं. मुलींच्या गटात हे वाईट, सामाईकमध्ये तर चालणारच नाही. दाराखालची फटही नको. वरची खालची फट बंद केली की वास कोंडतो, त्यामुळे बाहेरच्या भिंतीला झडपांची जाळी आणि शक्य असेल तिथे एक्झॉस्ट पंखा लागतोच. पंखा दिव्याच्या बटणावरच जोडा, वेगळं बटण कोणी दाबत नाही.

झडपांच्या जाळीची खालची कड बाहेरच्या जमिनीपासून 2.1 मीटरवर हवी. माप आतून घेतलं आणि मागे मातीचा ढीग किंवा कट्टा असला तर तिथे उभं राहून सरळ आत दिसतं. माप बाहेरून घ्या.

दार बाहेर उघडणारं असावं. आत मूल चक्कर येऊन दाराला टेकून पडलं तर आत उघडणारं दार ढकलता येत नाही. कडी अशी घ्या, जी बाहेरून नाण्याने फिरवून उघडते. लोखंडी पत्र्याचं दार खालच्या वीतभरात आधी गंजतं. पीव्हीसीचं दार पश्चिमेला तोंड करून बसवलं तर नागपूरच्या उन्हात वाकतं, मग कडी कोंड्यात बसत नाही, आणि कडी न बसणारं दार म्हणजे नसल्यातच जमा. पश्चिमेचं दार टाळा किंवा वर दोन फूट छज्जा काढा.

दिव्यांगांसाठीची खोली मोठी लागते: आत 1.5 मीटर व्यासाचं चाकखुर्ची फिरेल एवढं मोकळं वर्तुळ, दाराची मोकळी रुंदी 90 सेंटिमीटर, कमोडची उंची 45 ते 48 सेंटिमीटर, दोन्ही बाजूंना भिंतीत पक्के रोवलेले दांडे, आणि उंबरठा अजिबात नाही. उतार 1:12. जोतं 45 सेंटिमीटर असेल तर रॅम्प 5.4 मीटर लांब होतो. इतकी जागा बघून ठेकेदार तो दीड-दोन मीटरमध्ये उरकतो. तसा रॅम्प फक्त फोटोच्या कामाचा, चाकखुर्ची त्यावरून चढत नाही.

मुलींचा गट

प्रवेश मुलांच्या दारावरून जाऊन नको, दोन्ही वाटा वेगळ्या दिशांना. समोर 1.8 मीटर उंच आडभिंत, दारापासून साधारण 1.2 मीटरवर, पण वाट मात्र व्हरांड्यातून किंवा शिक्षक खोलीतून दिसणारी हवी. इमारतीच्या मागे, बाभळीच्या आडोशाला बांधलेलं स्वच्छतागृह कितीही चांगलं असलं तरी मुली तिथे एकट्या जात नाहीत.

पाण्याचा नळ प्रत्येक सीटपाशी आत. हा एक मुद्दा सोडून बाकी सगळ्यात काटकसर झाली तरी चालेल. पाळीत हात आणि कपडे धुवायला पाणी आतच लागतं. बाहेरच्या हौदातून मग भरून न्यायला लावलं तर मुलगी शाळाच बुडवते. प्रत्येक खोलीत भिंतीला दोन हुक, एक छोटी फळी आणि झाकणाची कचरापेटी. पेटी नसली की पॅड सीटमध्ये जातं, आतला कापूस फुगून चार इंची ट्रॅप (सीटखालचं पाणी धरून ठेवणारं वळण) बंद करतो आणि पूर्ण रांग तुंबते. पाचपैकी एक खोली मोठी ठेवा, कपडे बदलता येतील इतकी, आत आरसाही हवा. पॅड जाळण्याचं छोटं विजेचं यंत्र घ्यायचंच असेल तर धुराडं छतावर नेणं भाग आहे, आणि रोज चालवणार कोण हे आधी ठरवा. नाहीतर वापरलेलं पॅड कागदात गुंडाळून कचऱ्यात वेगळं द्या, ते जास्त भरवशाचं.

पाणी आणि काळी माती

दिवसाच्या शाळेला माणशी 45 लिटर हे प्रमाण धरलं तर 240 मुलांना रोज 10,800 लिटर लागतात. टँकरने पाणी आणणाऱ्या शाळेला हे परवडत नाही. तिथे खोल उताराचं ग्रामीण भांडं बसवा, त्याला दोन-तीन लिटरची बादली पुरते, साध्या भांड्याला आठ-दहा लिटर लागतात. हातपाय धुणं धरून माणशी आठ लिटर, म्हणजे 2,000 लिटरची टाकी एका दिवसाला. दोन दिवसांची सोय ठेवा. गच्चीवरची काळी टाकी मार्चपासूनच दुपारी असं पाणी देते की धुताना हात भाजतो. पांढरी टाकी घ्या, वर हिरवी जाळी बांधा, गच्चीवरून जाणारा पाइप झाका.

नागपूर जिल्ह्यात बऱ्याच ठिकाणी काळी माती आहे. पावसाळ्यात ती फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि सेप्टिक टँकची भिंत तिच्याबरोबर तडकते. पाया मुरमापर्यंत न्या. काळ्या मातीत शोषखड्ड्याचं पाणी मुरत नाही, जुलैत ते वर येतं. खड्ड्याभोवती किमान एक फूट जाड वाळूचा थर द्या आणि खड्डा मोठा घ्या. बोअरवेलपासून निदान 10 मीटर अंतर ठेवा, जास्त मिळालं तर उत्तम. शहरात गटारलाइन जवळ असेल तर शोषखड्ड्याच्या भानगडीत पडूच नका. टँक दोन-तीन वर्षांनी उपसा, तोही मशीनच्या गाडीनेच. संरक्षक साधनांशिवाय माणूस आत उतरवणं 2013 च्या कायद्याने गुन्हा आहे.

चालवणं

दिवसातून दोनदा सफाई: मोठ्या सुट्टीनंतर आणि शाळा सुटल्यावर. ॲसिड रोज नको, ते फरशीचे सांधे खातं आणि मग तिथेच वास मुरतो. ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर एकत्र तर कधीच नको, क्लोरीन वायू तयार होतो आणि बंद खोलीत जीव गुदमरतो. मुलांकडून संडास धुवून घेऊ नका; त्यातही ठरावीक वस्तीतल्याच मुलांना ते काम सांगितलं जात असेल तर तो सरळ भेदभाव आहे. ऑगस्ट 2024 मध्ये बदलापूरच्या शाळेतल्या स्वच्छतागृहात पुरुष सफाई कर्मचाऱ्याने लहान मुलींवर अत्याचार केल्यावर तरी हे शिकायला हवं, की बालवाडी आणि मुलींच्या बाजूला मावशीच हवी. कॅमेरा फक्त बाहेरच्या वाटेवर, दार उघडल्यावर आतलं दिसणार नाही अशा कोनात.

पैसा कुठून? केंद्राच्या ‘समग्र शिक्षा’ योजनेच्या संयुक्त शाळा अनुदानात 100 ते 250 पटाच्या सरकारी शाळेसाठी 50,000 रुपयांची तरतूद आहे, आणि त्यातला किमान 10 टक्के स्वच्छतेवर खर्च करायचा आहे. म्हणजे 5,000 रुपये. फिनाइल, झाडू, दोन नळ, दोन कड्या एवढंच त्यात बसतं, सफाई करणाऱ्याचा पगार बसत नाही. तो ग्रामपंचायतीकडून किंवा संस्थेकडून लेखी ठरवून घ्या, नाहीतर नवं बांधकाम दिवाळीपर्यंत कुलपात जातं. ठराव शाळा व्यवस्थापन समितीत करा. तिथे तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला असतात, आणि मुलींच्या गटाची जागा ठरवताना त्या महिलांना नकाशा दाखवण्याऐवजी जागेवरच न्या. मोठ्या मुलींना वेगळं विचारा, शिक्षिकेने, मुलं नसताना.

विदर्भात शाळा जूनअखेर उघडते, त्याआधी आठवडाभर हात लावा. सुट्टीत ट्रॅपमधलं पाणी आटतं आणि गटाराचा वास थेट खोलीत येतो, म्हणून प्रत्येक सीटमध्ये बादलीभर पाणी ओता. टाकी घासा, व्हेंट पाइपची डासांची जाळी बघा, कोपऱ्यातली गांधीलमाशांची पोळी काढा. मग प्रत्येक दार आतून लावून बघा. कडी जमिनीपासून 75 ते 90 सेंटिमीटरवर हवी, पहिलीतल्या मुलाचा हात तिथवर सहज पुरतो.