या चुका टाळा: स्पॅनिशची टिल्दे आणि नागपूरचा बटाटा

"माझे बाबा नागपूरला राहतात," एवढंच एका विद्यार्थिनीला लिहायचं होतं. तिने लिहिलं, 'मि पापा विवे एन नागपुर'. व्याकरण चोख, फक्त 'पापा'च्या शेवटच्या स्वरावरची तिरकी रेघ राहिली. त्या रेघेवाचून पापा म्हणजे लॅटिन अमेरिकेत बटाटा. स्पेनमध्ये बटाट्याला पाताता म्हणतात, पण तिथेही सुटका नाही, कारण पापा म्हणजे पोपसुद्धा.

या रेघेला स्पॅनिशमध्ये टिल्दे म्हणतात. इथे देवनागरीत ती ज्या अक्षरावर असते त्याच्यापुढे ´ अशी खूण करतो. बाबा म्हणजे पापा´.

आपली पहिली चूक कानाची असते. स्वरावर रेघ दिसली की मराठी माणसाला तो दीर्घ वाटतो. शिर आणि शीर लहानपणापासून घोटलेलं असतं ना! मग काफे´ मधला 'फे' उगाच लांबतो. टिल्दे लांबी दाखवत नाही, आघात दाखवते, म्हणजे शब्दात जोर कुठे द्यायचा ते. मराठीत जोर इकडचा तिकडे झाला तरी शब्दाचा अर्थ बदलत नाही, त्यामुळे आपलं तिकडे लक्षच जात नाही. स्पॅनिशमध्ये मात्र तेर्मिनो (जोर मधल्या 'मि'वर) म्हणजे 'मी संपवतो', तेर्मिनो´ म्हणजे 'त्याने संपवलं' आणि ते´र्मिनो म्हणजे मुदत किंवा संज्ञा. मी वर्गात जोराच्या अक्षराला बाकावर थाप मारायला लावतो. शेजारचा वर्ग वैतागतो, पण उपाय लागू पडतो.

जोर ऐकू यायला लागला की नियम सोपा आहे. शब्द लिहिताना शेवटी स्वर, न् किंवा स् असेल तर जोर शेवटून दुसऱ्या अक्षरावर, म्हणजे उच्चाराच्या तुकड्यावर येतो. दुसरं कुठलंही व्यंजन असेल तर शेवटच्या अक्षरावर. शब्द असा वागला तर टिल्दे नाही. नियम मोडला की पावती फाटते, ती पावती म्हणजे टिल्दे. मू´सिका, मे´दिको यांच्यासारखे शेवटून तिसऱ्या अक्षरावर जोर असलेले शब्द कायमचेच गुन्हेगार, त्यांना नेहमी टिल्दे.

आता एक खड्डा, ज्यात चांगले चांगले पडतात. फेलिस म्हणजे आनंदी, इंग्ले´स म्हणजे इंग्रज. दोन्हींत जोर शेवटी, आणि लॅटिन अमेरिकी उच्चारात दोन्ही 'स'नेच संपतात. मग एकालाच टिल्दे का? कारण फेलिस लिहिताना शेवटी झेड आहे आणि इंग्ले´स लिहिताना एस. नियम कागदावरचं अक्षर बघतो, उच्चार नाही. पेन्सिलीला म्हणतात ला´पिस: शेवटी झेड, पण जोर पहिल्या अक्षरावर, म्हणून पावती. जोर कानाने शोधायचा, पण शेवटचं अक्षर डोळ्यांनी तपासायचं.

अनेकवचनात हिशोब पुन्हा मांडावा लागतो. कान्सियो´न म्हणजे गाणं, अनेकवचन कान्सियोनेस, टिल्दे गायब. उलट होवेन म्हणजे तरुण, त्याचं हो´वेनेस, टिल्दे नव्याने हजर. जोर जागचा हललेला नाही, शेवटी एक अक्षर वाढलं एवढंच. इंग्ले´सचं स्त्रीलिंगी इंग्लेसा, तेही याच कारणाने बिनटिल्देचं.

फार्मासिया आणि पोलिसी´आ हे शब्द तर तिथे रस्त्यारस्त्यावर पाट्यांवर दिसतात. दोन्हींच्या शेवटी इ आणि आ, पण टिल्दे एकालाच. इ आणि उ हे दुबळे स्वर. बिनजोराचे असले की शेजारच्या आ, ए, ओ मध्ये मिसळतात आणि दोघांचं मिळून एकच अक्षर होतं: फार-मा-सिया. दुबळ्यावर जोर आला की तो वेगळा उभा राहतो आणि टिल्दे मागतो: पो-लि-सी´-आ. तसंच मारी´आ, दी´आ, पाई´स. इथे वरचा नियम बघायचाच नाही. माई´स म्हणजे मका, शेवटी झेड आणि जोरही शेवटी, तरी टिल्दे हवीच. आपला देश मात्र इंदिया, म्हणजे इन-दिया, बिनटिल्देचा. आपली भाषा माराती´, टिल्देसकट.

एका अक्षराच्या शब्दांना टिल्दे नसते, अपवाद जुळ्यांचा. तु म्हणजे तुझा, तु´ म्हणजे तू. सि म्हणजे जर, सि´ म्हणजे हो. ते म्हणजे तुला, ते´ म्हणजे चहा. यांच्या देखादेखी 'ति' या शब्दालाही टिल्दे देणारे खूप. त्याला जुळं भावंडच नाही, तेव्हा देऊ नका. जुन्या पुस्तकांत फुए (तो गेला), वियो (त्याने पाहिलं) यांच्यावर टिल्दे दिसली तर गोंधळू नका, 1952 च्या नव्या नियमांत ती गेली.

प्रश्नार्थक शब्दांना टिल्दे लागते, पण ती द्यायला लोक प्रश्नचिन्ह शोधत बसतात. 'नो से´ दो´न्दे विवे', म्हणजे 'तो कुठे राहतो ते मला माहीत नाही', यात प्रश्नचिन्ह नाही, पण 'कुठे' आहे, म्हणून दो´न्देला टिल्दे.

'फक्त' या अर्थाच्या सोलोवरून (त्याचा दुसरा अर्थ 'एकटा') स्पेनमध्ये अजून भांडणं होतात. भाषेचे नियम ठरवणाऱ्या स्पॅनिश अकादमीने 2010 मध्ये टिल्दे नको असं सांगितलं. 2023 मध्ये, अर्थाचा घोळ होतोय असं लिहिणाऱ्याला वाटलं तर चालेल, अशी मुभा स्पष्ट केली. आपल्याकडे 1962 च्या नियमांनी अनुच्चारित अनुस्वार काढले, तेव्हाची कुरकुर ज्यांनी ऐकली असेल त्यांना हे ओळखीचं वाटेल. शिकणाऱ्याने सरळ बिनटिल्देचं लिहावं.

राहिलं टायपिंग. मोठ्या लिपीतल्या (कॅपिटल) अक्षरांनाही टिल्दे लागते. रेघ डावीकडून उजवीकडे वर चढणारी हवी. उलटी रेघ फ्रेंचमध्ये चालते, इथे नाही. फोनवर स्वराचं बटण दाबून धरा. विंडोजवर ऑल्ट धरून उजवीकडच्या अंकपट्टीवर आ साठी 160, ए 130, इ 161, ओ 162, उ 163. आणि स्पेलचेकवर भिस्त ठेवू नका. त्याच्या लेखी पापा आणि पापा´ दोन्ही बरोबर. नागपूरचा बटाटा त्याने निमूट जाऊ दिला होता.